पीडीएफ फुकट, मग लेखकाला पैसे कुठून?

सप्रेम नमस्कार भाऊ,

मुलगी बारावी आर्ट्सला आहे, लेखिकाच व्हायचं म्हणते, आणि तुमच्या यवतमाळकडच्या गावात तर व्हॉट्सअ‍ॅपवर कादंबऱ्यांच्या पीडीएफ फुकट फिरतात. "कापसाला पडेल का होईना भाव तरी मिळते, लिहिण्याले कोण देईन?" असं तुम्ही विचारलंय.

आधी हिशेब पाहू. मराठी पुस्तकाची आवृत्ती बहुधा 500 ते 1000 प्रतींची असते. लेखकाची रॉयल्टी छापील किमतीच्या साधारण 10 टक्के. म्हणजे 200 रुपयांच्या पुस्तकाच्या हजार प्रती खपल्या तर 20,000 रुपये, आणि तेवढ्या खपायला वर्षं जातात. यात एकही पीडीएफ फिरली नाही असं धरलंय. पीडीएफवाल्यांनी लेखकाची चूल विझवली म्हणतात, पण नुसत्या पुस्तकांवर ती बहुतेकांची पेटतच नव्हती. मराठीतले कितीतरी नावाजलेले लेखक शिक्षक, प्राध्यापक, पत्रकार, कारकून म्हणून पगार घेतच लिहीत आले.

शिवाय सगळंच फुकट चोरीचं नसतं. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी पुस्तकाचे हक्क, म्हणजे कॉपीराइट, संपतात. साने गुरुजी 1950 साली गेले, त्यांचं लेखन 2011 पासून सर्वांना खुलं आहे. तरी 'श्यामची आई' दुकानात विकत घेतली जातेच. काही लेखक स्वतःहूनही फुकट देतात. ई साहित्य प्रतिष्ठान ही संस्था त्यांच्या संमतीनंच ई-पुस्तकं वाटते. नव्या लेखिकेला कुणी ओळखतच नसेल, तर फुकट वाचक मिळणं तोट्याचं नाही. जिवंत लेखकाचं विकाऊ पुस्तक ग्रुपवर टाकणं मात्र सरळ चोरी. तुमच्या ग्रुपवरही एकदा सांगून पाहा, राग येईल कुणाला तर येऊ द्या.

मग तिनं काय करावं? बी.ए.ला मराठी घ्यावं. अमरावती जिल्ह्यात रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालंय, तिथले अभ्यासक्रम बघून या. पण पदवीसोबत पैसे देणारं एखादं काम हाताशी हवंच: अनुवाद, मुद्रितशोधन (छपाईआधी चुका तपासणं), ऑडिओ मालिकांची संहिता, सबटायटल. अनुवादासाठी हिंदी-इंग्रजी पक्की लागते, आणि तिथंच आपली पोरं मागं पडतात. रोज इंग्रजीचं एक पान मराठीत आणायची सवय आतापासून लावा. वऱ्हाडी बोली तिच्या कानात आहे, ती पुसू देऊ नका. संवाद लिहिताना तिचाच उपयोग होईल.

एका गोष्टीत मी कडक आहे: घरचे पैसे घालून पुस्तक काढू नका. "इतके भरा, छापून देतो" म्हणणारे पुष्कळ भेटतील. पहिल्या पुस्तकासाठी राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, तिथं हस्तलिखित पाठवता येतं. पुढं प्रकाशक मिळाला तर ई-बुक, ऑडिओ, अनुवाद, चित्रपट हे हक्क करारात वेगवेगळे लिहून घ्या. हक्क किती वर्षांसाठी दिले तेही लिहा. मुदत लिहिली नसेल तर कायदा 5 वर्षं धरतो.

ती सध्या कथा लिहिते, कविता की आणखी काही, हे पत्रात नाही. तिनं लिहिलेली चार-पाच पानं पाठवा, आणि पुढचं पत्र तिलाच लिहू द्या.