नॉर्मल वितरणाची पडताळणी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : माझ्याकडे २,००० निरीक्षणे आहेत. हिस्टोग्राम घंटेच्या आकाराचा दिसतो, पण शापिरो-विल्क चाचणीत पी-मूल्य (गृहीतक खरे असताना इतका किंवा याहून मोठा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) ०.०१ आले. आता टी-चाचणी (सरासरींची तुलना करणारी चाचणी) वापरता येणार नाही का?

वापरता येईल. १९६५ साली मांडलेली ही चाचणी ‘माहिती नेमक्या नॉर्मल वितरणातून आली आहे’ हे गृहीतक तपासते, आणि प्रत्यक्ष मोजमापे तंतोतंत नॉर्मल जवळजवळ कधीच नसतात. त्यामुळे नमुना मोठा असला की नगण्य फरकही तिच्या नजरेतून सुटत नाही. उलट निरीक्षणे दहाच असतील, तर बऱ्यापैकी मोठा असमतोलही तिला अनेकदा सापडत नाही, आणि पी-मूल्य ०.०५ च्या वर गेले म्हणून माहिती नॉर्मल असल्याचे सिद्ध होत नाही. ज्या लहान नमुन्यांत आपल्याला ही काळजी खरोखर घ्यावी लागते, तिथेच ती दुबळी ठरते; म्हणून केवळ तिच्या निकालावर पुढची पद्धत ठरवणे मला मुळीच पटत नाही. टी-चाचणीला सरासरीचे वितरण नॉर्मलच्या जवळ असणे पुरते, आणि मोजकी टोकाची मूल्ये सरासरीला ओढून नेत नसतील, तर इतक्या निरीक्षणांत केंद्रीय सीमा प्रमेयामुळे (नमुना मोठा होत गेला की सरासरीचे वितरण नॉर्मलकडे झुकते, हा नियम) ते तसे असते.

प्रश्न : क्यू-क्यू आलेखात (निरीक्षित मूल्ये नॉर्मल वितरणातील अपेक्षित मूल्यांशी ताडून पाहणाऱ्या) बिंदू रेषेपासून किती दूर गेलेले चालतात?

अंतराआधी वळण पाहावे. उभ्या अक्षावर निरीक्षित मूल्ये असताना (काही सॉफ्टवेअरमध्ये अक्ष उलटे असतात, ते आधी तपासावे) दोन्ही टोके रेषेच्या वर गेली, तर वितरण उजवीकडे लांबलेले असते. डावे टोक खाली आणि उजवे वर गेले, तर दोन्ही शेपट्या जड असतात. जिन्यासारख्या पायऱ्या दिसल्या, तर मोजमापे बहुधा पूर्णांकात नोंदवलेली असतात. उजवीकडे लांबलेल्या धन मूल्यांना लॉग अनेकदा लागू पडतो : २, ३, ४, ६, ९, १५, ४० यांची सरासरी सुमारे ११.३ आणि मध्यक ६ आहे, तर दहाच्या पायाचा लॉग घेतल्यावर सरासरी ०.८४ आणि मध्यक ०.७८ येतो. लहान नमुन्यात टोकाचे एक-दोन बिंदू निव्वळ योगायोगानेही हलतात. तेवढ्याच आकाराचे काही नॉर्मल नमुने संगणकावर तयार करून त्यांचे आलेख शेजारी ठेवावेत. आपला आलेख त्यांत वेगळा ओळखू येत नसेल, तर त्या वळणावरून काही निष्कर्ष काढू नये.

प्रश्न : रिग्रेशनपूर्वी (काही चलांवरून दुसऱ्या चलाचा अंदाज बांधण्याची पद्धत) प्रत्येक चलाचे वितरण नॉर्मल असावे लागते का?

नाही. ही अट रेसिड्युअलना, म्हणजे निरीक्षित आणि अंदाजित मूल्यांतील फरकांना लागू होते, स्वतंत्र चलांना नाही. रेसिड्युअल आणि अंदाजित मूल्ये यांचा आलेख मी त्याआधी पाहतो, कारण त्यात बिंदू कमानीत दिसले तर सरळ रेषेचे प्रतिमानच चुकलेले असते आणि नरसाळ्यासारखे पसरत गेले तर विचरण (मूल्यांचे विखुरणे) समान नसते. या दोन दोषांनी निष्कर्षांना बहुधा अधिक धक्का बसतो.

प्रश्न : बॉक्स प्लॉटमध्ये बाहेर पडलेले बिंदू काढून टाकावेत का?

केवळ त्या कारणासाठी नाही. चतुर्थकांतराच्या (मधल्या निम्म्या मूल्यांच्या विस्ताराच्या) दीडपटीपेक्षा चतुर्थकांपासून दूरचे बिंदू बाहेरचे मानण्याचा नियम लावला, तर अगदी नॉर्मल वितरणातील १,००० निरीक्षणांपैकीही सुमारे ७ बाहेर पडतात. मूळ नोंद तपासावी. लिहिण्यातली चूक असेल तर दुरुस्त करावी, अन्यथा बिंदू ठेवून आणि वगळून असे दोन्ही निकाल अहवालात द्यावेत.