12 शाळांच्या संस्थेत गूगल वर्कस्पेस आणायचं आहे, सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न असा: नागपूर शहर, काटोल, सावनेर, उमरेड आणि देवलापारच्या बाजूला मिळून संस्थेच्या 12 अनुदानित शाळा, सगळी पत्रकं व्हॉट्सॲपवर फिरतात; हे गूगल वर्कस्पेसवर (संस्थेसाठी गूगलची ईमेल, ड्राइव्ह, शीट अशी एकत्र सेवा) न्यायचं तर खर्च किती आणि आधी काय करायचं?

खर्चाचं आधी उरकतो. पात्र शिक्षणसंस्थांना ‘एज्युकेशन फंडामेंटल्स’ फुकट मिळतं. सगळ्या खात्यांत मिळून 100 टीबी जागा आणि 100 जणांपर्यंतची गूगल मीट (व्हिडिओ बैठक) त्यात येते. मीटचं रेकॉर्डिंग येत नाही. पैसे लागतील ते डोमेनला, म्हणजे संस्थेच्या इंटरनेटवरच्या पत्त्याला. ‘एज्यु डॉट इन’ हवं असेल तर ते अर्नेट या केंद्र सरकारच्या संस्थेकडूनच घ्यावं लागतं. पडताळणीत दिवस जातात, म्हणून अर्ज उन्हाळ्याच्या सुट्टीतच करा. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, तोवर खाती तयार हवीत.

सुरुवात मात्र सगळ्या शिक्षकांपासून किंवा गूगल क्लासरूमपासून करू नका. दर महिन्याला प्रत्येक शाळेकडून येणारं एकच पत्रक उचला. मी पोषण आहाराचं घेईन. त्याचा हिशेब ठरलेला आहे: तांदूळ 1 ली ते 5 वी मुलामागे रोज 100 ग्रॅम, 6 वी ते 8 वी 150 ग्रॅम. 84 लहान मुलं जेवली की 8.4 किलो, 60 मोठी जेवली की 9 किलो. गूगल फॉर्ममध्ये महिन्याची आरंभीची शिल्लक, आलेला तांदूळ आणि दोन्ही गटांची जेवणारी मुलं एवढंच विचारा; खर्च आणि अखेरची शिल्लक फॉर्मला जोडलेली गूगल शीट काढेल. मुख्याध्यापकांचा आकडेमोडीचा वेळ पहिल्याच महिन्यात वाचला, तर पुढची पत्रकं ते आपणहून मागतील.

शाळेचं नाव टाइप करायला लावू नका, यादीतून निवडू द्या. नाहीतर एकच शाळा तीन प्रकारे लिहिली जाते आणि जुळणी बसत नाही. ओळख युडायस क्रमांकावर (शाळेचा सरकारी क्रमांक) ठेवा. तो 11 अंकी असतो, आपल्या नागपूर जिल्ह्याचा 2709 ने सुरू होतो. शीटमध्ये तो रकाना ‘साधा मजकूर’ करून ठेवा. विद्यार्थ्यांच्या लांब क्रमांकांना तर हे हवंच, कारण एक्सेल 15 अंकांपुढचे सगळे अंक शून्य करतं आणि ते परत मिळत नाहीत. देवनागरी अंकांत भरलेली संख्या मजकूर म्हणून बसली की बेरजेत धरली जात नाही. म्हणून 0 ते 9 मध्येच भरायला सांगा. सगळ्यांच्या शीटवर थेट ‘सॉर्ट’ कुणी लावू नये, ओळी सर्वांसाठीच हलतात. स्वतःपुरतं बघायला ‘फिल्टर व्ह्यू’ आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. फाइल कुणाच्याही ‘माय ड्राइव्ह’मध्ये ठेवू नका. तिथली फाइल त्या खात्याची असते. मुख्याध्यापक निवृत्त झाले, कुणीतरी खातं पुसून टाकलं आणि वर्षाच्या फाइली गेल्या, हा प्रकार असाच घडतो. पुसलेलं खातं 20 दिवसांच्या आतच परत आणता येतं. ‘शेअर्ड ड्राइव्ह’मधली फाइल संस्थेच्या मालकीची राहते. मुख्याध्यापकांना तिथे ‘कॉन्ट्रिब्यूटर’ करा: भरता येईल, दुरुस्त करता येईल, पुसता येणार नाही. मुख्याध्यापकांचं खातंही व्यक्तीच्या नावावर न ठेवता पदाच्या नावावर काढा, आणि माणूस बदलला की पासवर्डसोबत रिकव्हरीचा मोबाइल नंबर त्याच दिवशी बदला. हा नंबर हमखास विसरला जातो. सगळ्या खात्यांचा ताबा असलेले सुपर ॲडमिन किमान दोन हवेत. सगळं एकट्या संगणक शिक्षकावर सोडू नका. दोघांचेही बॅकअप कोड (फोन हाताशी नसताना लॉगिन करायचे) छापून, लिफाफा सीलबंद करून सचिवांच्या कपाटात ठेवा.

पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त फोन ‘परवानगी हवी असं येतंय’ म्हणून येतील. बहुतेक वेळा बिघाड काही नसतो. मोबाइलमध्ये सरांचं घरचं जीमेल आधीपासून असतं आणि लिंक त्याच खात्यात उघडते. खातं बदललं की काम होतं. संगणकावर क्रोममध्ये शाळेसाठी वेगळं प्रोफाइल करून द्या. कंटाळून लिंक ‘ज्याच्याकडे असेल त्याला’ अशी खुली करू नका. मुलांची नावं आणि जन्मतारखा असलेल्या फाइली संस्थेबाहेर शेअरच होऊ नयेत, अशी सेटिंग ॲडमिनमधून लावा. आधार क्रमांक शीटमध्ये घेऊच नका. मुलांची खाती पुढच्या वर्षी, पालकांची लेखी संमती घेऊन. 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालचे सगळे ‘बालक’ आहेत.

देवलापारकडच्या शाळांचं गणित वेगळं धरा. गूगल फॉर्म इंटरनेटशिवाय भरता येत नाही. जिथे रेंज येत-जात असते तिथे शीट ॲपमध्ये ‘ऑफलाइन उपलब्ध’ करून द्या, आणि हे रेंजमध्ये असतानाच करून ठेवा. रोजची नोंद कागदी रजिस्टरमध्ये चालूच राहू द्या.

जुनी परिपत्रकं कृतिदेवमध्ये असतील तर गूगल डॉक्समध्ये ती अगम्य दिसतील, कारण तो युनिकोड फॉन्ट नाही. सगळी बदलत बसू नका. जी पुन्हा वापरायची तेवढीच कन्व्हर्टरमधून काढा आणि रफार व ऱ्हस्व इकार डोळ्यांनी तपासा, चुका तिथेच राहतात. बाकीची पीडीएफ करून ठेवा.

दोन महिने पत्रक दोन्हीकडे घ्या. तिसऱ्या महिन्यापासून व्हॉट्सॲपवर आलेलं पत्रक कार्यालयानं स्वीकारू नये, आणि तसं पत्र सचिवांच्या सहीनं आधीच सगळ्या शाळांना गेलेलं असावं.