बँकेने नाही म्हटल्यावर: ब्रिटनमधल्या फीवाल्या खात्यांविषयी वाचकांचे प्रश्न

ब्रिटनमध्ये नेहमीच्या बँकांनी खाते नाकारल्यामुळे दरमहा फी भरून दुसरीकडे खाते चालवणाऱ्या वाचकांकडून आम्ही प्रश्न मागवले होते. त्यांतले निवडक प्रश्न थोडक्यात आणि त्यांची उत्तरे इथे देत आहोत. पत्रांतली कंपन्यांची नावे गाळली आहेत.

जुन्या कर्जाचे हप्ते थकल्यामुळे माझे क्रेडिट रेकॉर्ड बिघडले आहे. दोन मोठ्या बँकांनी करंट अकाउंट (इथले रोजच्या वापराचे खाते) नाकारले. आता महिन्याला १२ पौंड भरून एका कंपनीचे खाते वापरतो. याला पर्याय आहे का? (लेस्टर)

बहुतेक आहे, आणि तोही फुकटात. आधी एक तपासा: त्या दोन बँकांकडे तुम्ही नेमका कशासाठी अर्ज केला होता? साध्या करंट अकाउंटला ओव्हरड्राफ्टची सोय असते, म्हणजे बँकेच्या लेखी ते कर्जच. त्यामुळे क्रेडिट स्कोअर पाहिला जातो आणि थकबाकी दिसली की अर्ज पडतो. बेसिक बँक अकाउंटला ओव्हरड्राफ्ट नसतो. पेमेंट अकाउंट्स रेग्युलेशन्स २०१५ या नियमांनुसार सरकारने नेमलेल्या मोठ्या बँकांना सप्टेंबर २०१६ पासून हे खाते द्यावेच लागते. बार्कलेज, एचएसबीसी, लॉइड्स, नॅटवेस्ट, सॅन्टॅण्डर, नेशनवाइड, टीएसबी, को-ऑपरेटिव्ह बँक या सगळ्या त्या यादीत आहेत. केवळ क्रेडिट रेकॉर्ड खराब आहे म्हणून त्यांना नाही म्हणता येत नाही.

या खात्याला मासिक फी नाही. डेबिट कार्ड, डायरेक्ट डेबिट (कंपनीने बिलाची रक्कम थेट खात्यातून घेणे), स्टँडिंग ऑर्डर (ठरलेली रक्कम ठरल्या दिवशी आपोआप पाठवणे), पगार जमा होणे हे सगळे मिळते. पैसे कमी पडून डायरेक्ट डेबिट परत गेला तरी बँक दंड लावत नाही. ज्याचे पैसे थकले ती कंपनी मात्र स्वतःचा दंड लावू शकते, ते वेगळे.

अडचण अशी की बँकांच्या वेबसाइटवर बक्षिसे आणि कॅशबॅकवाली खाती वर झळकतात आणि बेसिक अकाउंट पार तळाला असते. काही ठिकाणी आधी मोठ्या खात्याचा अर्ज भरून घेतात. तो फेटाळला गेला की बेसिक सुचवतील, कधी तेही सुचवत नाहीत. म्हणून थेट बेसिक अकाउंटच्या पानावरून अर्ज करा, किंवा शाखेत जाऊन त्याच नावाने मागा. पूर्ण अर्ज मिळाल्यापासून १० कामकाजाच्या दिवसांत बँकेने खाते उघडायला हवे किंवा नकार कळवायला हवा, आणि नकार लेखी हवा. काउंटरवर ‘सिस्टीम घेत नाही’ असे सांगून परत पाठवले, तर तो नकार धरू नका, तेच कागदावर मागा. तिथेही अडले तर बँकेकडे लेखी तक्रार करा. ८ आठवड्यांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर फायनान्शियल ओम्बड्समनकडे, म्हणजे ग्राहक आणि बँक यांच्यातले वाद सोडवणाऱ्या संस्थेकडे, जाता येते. बँकेचे अंतिम उत्तर आल्यापासून त्यासाठी ६ महिने मिळतात, आणि तक्रारीला ग्राहकाला पैसे पडत नाहीत.

मग फीवाल्या खात्यात काहीच अर्थ नाही का? माझे बिलांचे पैसे ते वेगळे काढून ठेवतात, त्याची मला सवय झाली आहे. (हाउन्स्लो)

अर्थ आहे, पण तेवढ्यासाठीच. पगार आला की भाडे, वीज, काउन्सिल टॅक्स (स्थानिक पालिकेचा घरावरचा कर) यांची रक्कम बाजूला टाकायची आणि उरलेलेच कार्डावर दिसू द्यायचे, ही खरी सेवा आहे. हातात पैसा दिसला की खर्च होतो आणि महिनाअखेरीला भाडे चुकते, अशांना ती उपयोगी पडते. ज्यांची बिले वेळेवर जातात त्यांनी निव्वळ खाते मिळते म्हणून फी भरू नये.

हिशेब स्वतः करून पाहा. समजा फी महिना १० पौंड, आणि एटीएममधून दर वेळी १ पौंड. आठवड्यातून दोनदा पैसे काढले तर वर्षाचे १२० अधिक १०४, म्हणजे २२४ पौंड. रोख रक्कम दुकानातून भरताना टक्केवारीने शुल्क असेल तर ते आणखी वर. दरपत्रकात मासिक फी ठळक असते. एटीएम, रोख भरणा, परदेशी व्यवहार आणि नवे कार्ड यांचे दर खालच्या ओळींत असतात. आधी ते वाचा.

पैसे बाजूला ठेवण्याची व्यवस्था कुठे फसते, तेही सांगतो. तुम्ही दिलेल्या आकड्यांवर ती चालते. वीज कंपनीने हप्ता वाढवला, तर डायरेक्ट डेबिटच्या नियमाप्रमाणे सूचना तुम्हाला येते, खाते चालवणाऱ्या कंपनीला नाही. तुम्ही ती पुढे कळवली नाही तर जुनीच रक्कम बाजूला पडते, काही पौंड कमी पडतात आणि अख्खा हप्ता परत जातो. काउन्सिल टॅक्सचे हप्ते बहुधा एप्रिल ते जानेवारी असे दहाच असतात, त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये उगाच पैसे अडकून राहतात. टीव्ही लायसन्स, गाडीचा विमा यांसारखी वर्षातून एकदा येणारी बिले तर बऱ्याच जणांच्या यादीतच नसतात.

हेच काम फुकट करायचे तर दोन खाती वापरा. पगार आणि सगळे डायरेक्ट डेबिट एकात, आणि आठवड्याच्या खर्चाची ठरलेली रक्कम स्टँडिंग ऑर्डरने दुसऱ्यात. रोजच्या वापराचे कार्ड दुसऱ्याचे. शिस्त एकदाच लावावी लागते.

माझे खाते ज्या कंपनीत आहे ती बँक नाही असे कुणीतरी सांगितले. पैसे सुरक्षित आहेत ना? (रेडिंग)

अशा अनेक कंपन्यांकडे बँकेचा नव्हे, तर ई-मनीचा, म्हणजे ग्राहकांचे पैसे इलेक्ट्रॉनिक रूपात ठेवून व्यवहार करून देण्याचा, परवाना असतो. अकाउंट नंबर आणि सॉर्ट कोड (बँक ओळखण्याचा क्रमांक) मिळतो, म्हणून फरक जाणवत नाही. बँक बुडाली तर एफएससीएस ही योजना भरपाई देते. १ डिसेंबर २०२५ पासून ती मर्यादा प्रत्येक व्यक्तीला प्रत्येक बँकेमागे १,२०,००० पौंड आहे, त्याआधी ८५,००० होती. ई-मनी कंपनीला हे कवच नाही. तिने ग्राहकांचे पैसे स्वतःच्या पैशांपासून वेगळे ठेवायचे असतात. कंपनी बुडाली तर ते परत मिळायला हवेत, पण वेळ लागतो आणि वाटपाचा खर्च त्यातूनच वजा होऊ शकतो.

प्रत्यक्षात आधी बोचते ते बुडणे नव्हे, अडकणे. जून २०२० मध्ये जर्मनीतली वायरकार्ड ही पेमेंट कंपनी कोसळली तेव्हा एफसीए या नियामकाने तिच्या ब्रिटिश कंपनीचे व्यवहार काही दिवस थांबवले. तिच्या यंत्रणेवर चालणाऱ्या वेगवेगळ्या नावांच्या कार्डांचे ग्राहक पैसे असूनही खरेदी करू शकत नव्हते. वरचे नाव कुठलेही असो, खाली कुणाची यंत्रणा आहे ते अटींमध्ये लिहिलेले असते. एफसीएच्या ऑनलाइन रजिस्टरवर कंपनीचा परवाना कोणत्या प्रकारचा आहे तेही दिसते. अशा खात्यात महिन्याच्या खर्चापुरते पैसे ठेवा, बचत ठेवू नका.

मी विद्यार्थी आहे. घरून पैसे मागवताना दर चांगला मिळतो म्हणून इथल्या एका ग्रुपवरून अदलाबदल केली: वडिलांनी तिकडे रुपये भरले आणि इथे अनोळखी माणसाने माझ्या खात्यात पौंड टाकले. महिन्याने खाते बंद झाले. आता फीवाले खातेसुद्धा मिळत नाही. (कॉव्हेंट्री)

याच विषयावर सर्वांत जास्त पत्रे आली. तुमच्या खात्यात आलेले पौंड बहुधा कुणाची तरी फसवणूक करून मिळवलेले होते. ज्याचे गेले त्याने तक्रार केली, माग तुमच्या खात्यापर्यंत आला आणि बँकेने सिफास या फसवणूकविरोधी नोंदवहीत तुमच्या नावावर नोंद केली असावी. खात्याचा गैरवापर या प्रकारची नोंद ६ वर्षे राहते. क्रेडिट रिपोर्टवर ती दिसत नाही, त्यामुळे स्कोअर चांगला असूनही सगळीकडे नकार येतो. फसवणुकीचा संशय असेल तर बेसिक अकाउंटही नाकारता येते.

क्रम असा ठेवा. पहिल्यांदा सिफासकडे स्वतःची माहिती मागवा. अर्ज ऑनलाइन आणि मोफत आहे, उत्तर साधारण महिन्याभरात येते. कोणत्या बँकेने, कोणत्या तारखेला, कोणत्या प्रकारची नोंद केली ते त्यात असते. मग त्याच बँकेकडे लेखी तक्रार करा. सोबत ग्रुपवरचे संदेश, वडिलांच्या बँकेचे स्टेटमेंट, घरमालकाला किंवा विद्यापीठाला पुढे दिलेल्या पैशांची पावती जोडा. तुम्ही जाणूनबुजून सामील नव्हता, हे दाखवायचे आहे. ‘मला माहीत नव्हते’ एवढे वाक्य पुरत नाही. बँकेने नोंद काढली नाही तर ओम्बड्समन. पैसे घेऊन नोंद काढून देतो म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका, ते यापेक्षा वेगळे काही करत नाहीत.

बँक कारण सांगत नाही म्हणून पुष्कळ जण चिडून लिहितात. मनी लाँडरिंगचा संशय अधिकाऱ्यांना कळवला असेल तर ग्राहकाला त्याची कुणकुण लागू देणे हाच बँक कर्मचाऱ्यांसाठी गुन्हा ठरतो. काउंटरवरच्या माणसाशी भांडून काही निघत नाही.

दरम्यान पगार मित्राच्या खात्यात घेऊ नका. त्याचेही खाते संशयात येते. आसपासच्या क्रेडिट युनियनकडे (सभासदांच्या पतसंस्थेकडे) विचारा, त्यांतल्या काही खाती देतात. आणि रुपयांची अशी अदलाबदल पुन्हा करू नका, दर कितीही चांगला असला तरी.

पत्नी डिपेंडंट व्हिसावर आली आहे. घराचे सगळे कागद माझ्या नावावर. तिला कुठेच खाते मिळेना, म्हणून फीवाले कार्ड घेतले. (स्लाउ)

इथे नकार क्रेडिटचा नाही, ओळख आणि पत्ता जुळत नाही याचा आहे. भारतीय पासपोर्टवर गिव्हन नेमच्या रकान्यात आपले नाव आणि वडिलांचे किंवा पतीचे नाव एकत्र असते. बँकेच्या फॉर्मवर मधले नाव गाळले की संगणकाला ती दोन वेगळी माणसे वाटतात. पासपोर्टवर जसे आहे तसेच, त्याच क्रमाने भरा. लग्नानंतर आडनाव बदलले पण पासपोर्टवर माहेरचे असेल, तर पासपोर्टचेच घाला. पत्त्याचेही तेच: एका कागदावर ‘फ्लॅट २, १४’ आणि दुसऱ्यावर ‘१४ बी’ असेल तर यंत्रणा अडते. रॉयल मेलच्या पोस्टकोड शोधात जसा येतो तसा पत्ता सगळीकडे ठेवा.

कागद असे उभे करा: काउन्सिलला कळवून टॅक्स बिलावर तिचे नाव घाला, घरमालकाकडून भाडेकरारात नाव जोडून घ्या, प्रोव्हिजनल (शिकाऊ) ड्रायव्हिंग लायसन्स काढा. लायसन्स ऑनलाइन ३४ पौंडांत मिळते, १८५ दिवस तरी इथे राहण्याची परवानगी हवी, आणि गाडी चालवायची नसली तरी ओळखपत्र म्हणून चालते. बीआरपी, म्हणजे राहण्याच्या परवान्याची कार्डे, ३१ डिसेंबर २०२४ नंतर संपली, त्यामुळे ई-व्हिसाचा शेअर कोड (आपला व्हिसा दुसऱ्याला ऑनलाइन पाहू देणारा क्रमांक) हाताशी ठेवा. आणखी एक, जे आपल्याकडे फारसे कुणाला माहीत नसते: भारतीय नागरिक कॉमनवेल्थचे नागरिक म्हणून इथल्या मतदार यादीत नाव नोंदवू शकतात. पत्ता पडताळताना बँका आणि क्रेडिट संस्था हीच यादी आधी पाहतात.

फीवाले प्रीपेड कार्ड पेट्रोल पंपावर आणि हॉटेलात का चालत नाही? (हॅरो)

पंपावर कार्डाने थेट पैसे भरताना यंत्र आधी साधारण १०० पौंडांची किंवा त्याहून जास्त रक्कम अडवून पाहते. खात्यात ४० असतील तर २० चे पेट्रोलही मिळेलच असे नाही. आत काउंटरवर पैसे द्या. हॉटेले आणि भाड्याच्या गाड्या अनामत रकमेसाठी प्रीपेड कार्ड बहुधा घेतच नाहीत.

बेसिक अकाउंट मिळाले. फीवाले खाते कसे बंद करू? (लेस्टर)

दोन्हीकडे करंट अकाउंट स्विच सर्व्हिस (खाते एका बँकेतून दुसरीत हलवण्याची सोय) असेल तर ७ कामकाजाच्या दिवसांत पगार आणि डायरेक्ट डेबिट आपोआप हलतात. ई-मनी कंपन्या बहुधा त्यात नसतात, मग हाताने करावे लागते. आधी पगार: पेरोलची (पगार काढणाऱ्या विभागाची) महिन्याची मुदत विचारून घ्या, ती उलटली तर पुढचा पगार जुन्याच खात्यात जाईल. युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्नासाठीचा सरकारी भत्ता) असेल तर त्याच्या ऑनलाइन खात्यात बँकेचा तपशील बदला. नव्या खात्यात पहिला पगार दिसल्यावरच डायरेक्ट डेबिट एकेक करून हलवा, भाडे आणि काउन्सिल टॅक्स आधी. कार्ड नंबरावर चालणारी वर्गणी, म्हणजे मोबाइल, जिम, चित्रपटांची ॲप, डायरेक्ट डेबिटच्या यादीत दिसत नाहीत. त्यासाठी गेल्या तीन महिन्यांचे स्टेटमेंट चाळा. जुने खाते एक पूर्ण महिना चालू ठेवा, फीपुरते पैसे त्यात राहू द्या, नाहीतर काही कंपन्या शिल्लक उणे करून ती थकबाकी वसुलीला देतात. बंद करण्यापूर्वी सगळी स्टेटमेंट उतरवून घ्या, कारण ॲप बंद झाले की ती मिळवायला पत्रव्यवहार करावा लागतो आणि व्हिसा वाढवताना नेमकी तीच मागतात. बंद केल्याचा ईमेल येईपर्यंत फी चालूच राहते.