कोल्हापूरच्या मुलीचं ‘मी गेलो’ अशुद्ध कसं?

करवीर तालुक्यातल्या एका शिक्षिकेने विचारलंय: चौथीतली मुलगी निबंधात लिहिते, ‘मी आजीसंगं जोतिबाला गेलो, चढून लई दमलो.’ तिथे ‘गेले, दमले’ करून समासात ‘अशुद्ध’ असा शेरा मारावा का?

प्रमाण रूप जरूर दाखवा. ‘अशुद्ध’ मात्र लिहू नका.

आधी व्याकरण बघू. ‘आम्ही गेलो’ हे पुण्यातली बाईही म्हणते, पुरुषही. ‘मी जाईन’ हेही दोघांचं एकच. म्हणजे प्रथम पुरुषात बाई-पुरुष भेद न करणं प्रमाण मराठीलाही चालतं, ती तो भेद फक्त काही एकवचनी रूपांत करते. आपल्याकडच्या बायका तिथेही करत नाहीत, इतकाच फरक. शेजारच्या कन्नडमध्येही ‘नानु बंदे’ बाईने म्हटलं काय नि बाप्याने म्हटलं काय, रूप तेच. सीमेलगतच्या बोलीत हा शेजार मुरला असावा, असं मला वाटतं. शिवाय हीच मुलगी ‘आई गेली’, ‘दादा गेला’ बरोबर लिहिते. तिला लिंगभेद कळत नाही असं नाही. तिच्या बोलीचा नियम वेगळा आहे आणि तो ती चोख पाळते.

मग ‘अशुद्ध’ आलं कुठून? एकोणिसाव्या शतकात इंग्रजी अमलाखाली शाळाखातं उभं राहिलं. मेजर कँडींसारखे अधिकारी क्रमिक पुस्तकं तपासत, पंडित मदतीला असत, आणि नमुना धरला गेला तो पुण्याकडच्या शिकलेल्या, मुख्यतः ब्राह्मण घरांतल्या मराठीचा. प्राथमिक शिक्षक बहुतेक ब्राह्मणच आहेत, ते शेतकरी वर्गातूनही यावेत, हे जोतीराव फुल्यांनी 1882 मध्ये शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे मांडलं. आपल्या संस्थानात शाहू महाराजांनी 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड! 1919 मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळाही बंद करून ती मुलं सर्वांच्या शाळेत घेतली. सगळ्या घरांतली पोरं वर्गात आली, पण मोजपट्टी जुनीच राहिली. वर तिला नाव ‘शुद्ध’, म्हणजे सोवळ्याओवळ्यातलाच शब्द. शेरा वाक्यावर असतो. मुलीला तो आईच्या, आजीच्या बोलण्यावर वाटतो. पुढच्या निबंधात ती आजीला आणतच नाही, चार छापील वाक्यं उतरवून मोकळी होते. याचं मला फार वाईट वाटतं.

1962 च्या लेखनविषयक नियमांचा दाखला कुणी देईल. ते अनुस्वार, ऱ्हस्व-दीर्घ यांबद्दल आहेत. कुणी ‘गेलो’ म्हणावं याबद्दल त्यांत काही नाही. उलट पात्राच्या तोंडी बोलण्यातली रूपं घालायला त्यांत मोकळीक आहे.

प्रमाण मराठी मुलीला यायलाच हवी, पुढे अर्ज आणि परीक्षा तिच्यातच आहेत. पण त्यासाठी ‘गेलो’ खोडू नका. समासात ‘पुस्तकी रूप: गेले’ लिहा आणि दोन्ही रूपं फळ्यावर शेजारी मांडा. संवादलेखनात कोल्हापुरातली बाई बोलत असेल, तर ‘मी आलो’ला पूर्ण गुण द्या.