नव्या मुख्याध्यापकांसाठी, पहिल्या सत्रापुरते
सर, पदभार घेताच नवे उपक्रम जाहीर करण्याची घाई करू नका. आपल्याकडे विदर्भात शाळा जूनअखेरीस उघडतात, तेव्हा पहिला महिना वर्गात मागे बसून मुले प्रत्यक्षात काय वाचू शकतात, हे पाहण्यात घालवा. कार्यालयात अहवाल भरत राहणे ही सुरुवातीची सर्वांत मोठी चूक. दिवाळीच्या सुमारास कापूस वेचणीमुळे हजेरी घटते. तेव्हा नोटीस न पाठवता सायंकाळी घरी जा, कारण धाकट्या भावंडाला सांभाळायला बहुधा थोरली मुलगीच थांबलेली असते आणि तोडगा तिथेच निघतो. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के सदस्य पालक असतात. त्यांना केवळ सह्यांपुरते बोलावू नका. खिचडी वाढण्यापूर्वी स्वतः चाखा. निधी आणि बांधकामाचे दुसऱ्या सत्रात पाहू.