संशोधक वर्गात येतात, तेव्हा

प्रश्न : करवीर तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत मी चौथीला शिकवते. मागे एका संशोधकांनी मुलांची चाचणी घेतली, माझ्याकडून प्रश्नावली भरून नेली. पुढे काहीच कळलं नाही. आता दुसरे संशोधक वजाबाकीवर काम करू म्हणतात. होकार द्यावा का?

उत्तर : जरूर द्या, पण प्रश्न दोघांनी बसून ठरवा. मुलांना वजाबाकी येते का, हे तुम्हाला ठाऊकच आहे. कुठे अडतं, ते शोधायचंय. ४०२ वजा १७८ घ्या. एक मूल ३७६ लिहितं : प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान वजा केला. दुसरं लिहितं २७४ : शतकातला एक थेट एककाला दिला आणि शून्याच्या घरात सात तसेच उतरवले. दोघांनाही गुण शून्य. उपाय मात्र वेगळे. दुसऱ्याला काड्यांचा शंभराचा गठ्ठा सोडून आधी दहाचे दहा गठ्ठे करायला लावा, मग त्यातला एक सुटा करू द्या.

दहा उदाहरणं पुरतात, त्यातली चार मध्ये शून्य असलेली. खोडरबर बाजूला, चुकलं तर एक रेघ मारून पुढे. चाचणी चालू असताना चुकीच्या अंकावर बोट ठेवायची आपली सवय आवरा, नाहीतर कागदावर तुमचं गणित उमटतं. पंधरा पेपर दोघांनी स्वतंत्रपणे तपासून चुकांचे प्रकार लिहा. जिथे मत जुळत नाही तिथे प्रकाराची व्याख्या सुधारा, मगच बाकीचे घ्या. तीन आठवडे शिकवून झाल्यावर तसाच नमुना, पण वेगळे आकडे द्या, महिन्याने पुन्हा.

ऊसतोड मजुरांची मुलं गळीत हंगामात येतात आणि हंगाम संपला की जातात. त्यांची आल्याची तारीख नोंदवा, निकाल वेगळा काढा. नाहीतर पट बदलल्याने सरासरी हलते आणि श्रेय किंवा दोष शिकवण्याला जातो. त्यांना चाचणीतून वगळू मात्र नका.

सुरुवातीलाच एका कागदावर लिहून घ्या : पालकांची संमती, मुलांच्या नावांऐवजी क्रमांक, नावांची यादी शाळेतच, पेपरांची प्रत तुमच्याकडे, मराठीतला निष्कर्ष कोणत्या तारखेला मिळणार. चुकांचं वर्गीकरण तुम्ही केलंत, तर लेखात तुमचं नाव हवं, हेही त्यातच.

प्रश्न : एका तुकडीला नवी पद्धत, दुसरीला जुनी, हा अन्याय नाही का?

उत्तर : तीन आठवड्यांनंतरची चाचणी झाली की दुसऱ्या तुकडीलाही तीच पद्धत शिकवा. महिन्यानंतरच्या चाचणीत मग दोन तुकड्यांची तुलना करता येणार नाही, पण तेवढं चालवून घ्यावं. दोन तुकड्यांना शिक्षक वेगवेगळे असतील, तर फरक पद्धतीचा की शिक्षकाचा हे सांगता येत नाही. संशोधकांना हे आधीच विचारा.