वाचकांचे प्रश्न : स्वतःची गाडी नसताना गाणे ऐकायला जायचे कुठे?

प्रश्न : आम्ही दोघे साठी ओलांडलेले पती-पत्नी, मुलाच्या नोकरीमुळे मिरजेहून कोपरखैरण्याला राहायला आलो. मिरजेत मीरासाहेबांच्या उरुसातली संगीत सभा आणि अंबाबाईच्या नवरात्रातले गाणे आम्ही घरून चालत जाऊन ऐकत असू. येथे आमच्याकडे गाडी नाही आणि मुलाला दर वेळी ने-आण करायला सांगणे बरे वाटत नाही. जाहिराती पाहाव्यात तर बहुतेक दादर, प्रभादेवी किंवा नरिमन पॉइंटच्या, आणि रात्री परतताना टॅक्सीला तिकिटाहून अधिक पैसे लागतात. समोर बसून गाणे ऐकण्याची सोय आमच्या आवाक्यात आहे का?
— एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : आहे, आणि त्यासाठी प्रत्येक वेळी खाडी ओलांडून मुंबईत जाण्याची गरज नाही. तुमचे घर लोकलच्या ट्रान्स हार्बर मार्गावर आहे ही मोठी जमेची बाजू धरा. एका दिशेला ठाणे आणि दुसऱ्या दिशेला वाशी, ही दोन्ही ठिकाणे गाडी न बदलता गाठता येतात, आणि वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहाला तर कोपरखैरण्याहून बस किंवा रिक्षाही पुरते. ठाण्यात पश्चिमेला उतरल्यावर मासुंदा तलावाच्या काठाने गडकरी रंगायतनपर्यंत चालत जाता येते, आणि घंटाळीचे सहयोग मंदिरही स्थानकापासून चालत जाण्यासारखे आहे. पं. राम मराठे यांच्या स्मरणार्थ ठाणे महानगरपालिका जो संगीत समारोह भरवते, तो तुमच्यासारख्या श्रोत्यांनी चुकवू नये.

माझा आग्रह एवढाच आहे की, कार्यक्रम निवडताना आधी परतीची वाट पाहावी आणि मग कलाकाराचे नाव. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार, सवलतीचे मोजके दिवस सोडले तर, उघड्या मैदानावर रात्री 10 नंतर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. या नियमामुळे मैफलींतून मध्यरात्रीचे राग मागे पडले, याची हळहळ मलाही वाटते. परंतु लोकलने परतणाऱ्या श्रोत्याला मैदानावरचा कार्यक्रम त्यामुळेच पूर्ण ऐकता येतो. बंद नाट्यगृहात मात्र हे बंधन त्याच प्रकारे लागू होत नसल्याने कार्यक्रम लांबू शकतो, आणि ज्येष्ठ कलाकार प्रथेप्रमाणे शेवटी बसतात, म्हणजे ज्यांच्यासाठी आपण गेलो त्यांचे गाणे ऐन परतीच्या वेळी रंगात येते. अशा वेळी कडेची खुर्ची घ्यावी आणि उठायचेच असेल तर एक राग संपून तंबोरे पुन्हा जुळवले जात असताना उठावे. ख्याल चालू असताना रांगेतून वाट काढणे गाणाऱ्यालाही जाचते आणि ऐकणाऱ्यालाही. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ठाण्यात तुमच्या मार्गाच्या गाड्या 9 आणि 10 क्रमांकांच्या फलाटांकडून, म्हणजे पूर्वेच्या टोकाकडून सुटतात, त्यामुळे पश्चिमेकडून येताना अख्खा पादचारी पूल पार करावा लागतो. गुडघे कुरकुरत असतील तर त्यासाठी हाताशी जास्तीची दहा-पंधरा मिनिटे ठेवलेली बरी, कारण रात्री दहानंतर दोन गाड्यांमधले अंतरही वाढते.

या सगळ्या ओढाताणीवर उत्तम तोडगा म्हणजे सकाळची मैफल. ललत, अहिर भैरव, तोडी हे राग त्यांच्या वेळेला ऐकायला मिळतात आणि परतताना उजेड असतो. फक्त रविवारी निघण्यापूर्वी मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी लोकल बंद ठेवण्याची वेळ, कोणत्या मार्गावर आहे ते आदल्या दिवशी पाहून ठेवा. तो बहुधा अकराच्या आसपास सुरू होतो आणि नेमकी तीच मैफल सुटण्याची वेळ असते.

माहिती मिळवण्यासाठी केवळ तिकीटविक्रीच्या अ‍ॅपवर विसंबू नये, कारण विनामूल्य बैठका आणि गुरुपौर्णिमेचे कार्यक्रम तेथे क्वचितच दिसतात. नाट्यगृहाच्या खिडकीशेजारचा फलक, वृत्तपत्रांच्या ठाणे-नवी मुंबई पुरवण्यांतील ‘आजचे कार्यक्रम’ आणि परिसरातले गायन-तबल्याचे वर्ग हे खरे स्रोत आहेत. एखाद्या क्लासच्या शिक्षकांशी ओळख झाली की पुढची निमंत्रणे आपोआप येऊ लागतात, आणि त्याच बाजूला राहणारा सोबतीही भेटतो. रात्रीच्या प्रवासात ही सोबत फार मोलाची ठरते.

एक ठिकाण तर तुमच्या घराला लागूनच आहे, ते म्हणजे हरिनाम सप्ताहाचा मंडप. वाशीच्या बाजार समितीत काम करणारी सातारा भागातली माथाडी कुटुंबे कोपरखैरणे-घणसोलीत मोठ्या संख्येने राहतात, आणि इथल्या मूळ गावठाणांमध्ये आगरी-कोळी भजनी मंडळांची परंपरा आहे. हरिनाम सप्ताहात पहाटे काकडा, संध्याकाळी हरिपाठ आणि त्यानंतर कीर्तन होते. मंडपात पखवाजाच्या जवळ बसा. वादक पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावून ठोकून पाहतो, बोटाच्या टोकाने थोडी काढतो, पुन्हा ठोकतो, आणि तो खोल घुमारा मनासारखा लागला की मगच टाळकऱ्यांकडे पाहून मान हलवतो. नाट्यगृहाच्या विसाव्या रांगेतून हे दिसत नाही. मिरजेसारख्या वाद्यांच्या गावातून आलेल्या कानांना ही जवळीक अनोळखी वाटणार नाही, आणि बऱ्याच मंडळांना ऐकणाऱ्याइतकाच टाळ धरणाराही हवा असतो.

प्रश्न : मी घोडबंदर रस्त्यावर राहतो. मला नव्या बँडचे कार्यक्रम आवडतात, पण परतीच्या टॅक्सीचा खर्च झेपत नाही. काय करावे?
— एक विद्यार्थी, ठाणे

उत्तर : मानपाड्याच्या बाजूचे डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह आणि उपवनच्या तलावाकाठी होणारे कला महोत्सव तुम्हाला बसने गाठता येतात, तेथूनच सुरुवात करा. महाविद्यालयांच्या महोत्सवांत नवे वादक-गायक सर्वांत आधी ऐकायला मिळतात; मात्र बाहेरच्या विद्यार्थ्यांना प्रवेश आहे का, हे अगोदर विचारून घ्या. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर, जेथे जानेवारी 2025 मध्ये कोल्डप्लेचे कार्यक्रम झाले, मोठा कार्यक्रम असेल तर ठाण्याहून नेरूळला थेट लोकल आहे. तुमची खरी अडचण ठाणे स्थानकापासून घरापर्यंतच्या शेवटच्या टप्प्याची आहे, म्हणून त्याच रस्त्यावर राहणारे तीन-चार मित्र जमवून परतीची रिक्षा वाटून घ्या आणि तिकीट काढण्यापूर्वीच कोण कोण येणार हे पक्के करा.